भरोशाचा घास

१

उंदीर मारायला पाच दिवस लागतात, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. लोकांना वाटतं, टाकलं औषध, मेला उंदीर. उकंडाला अशा लोकांचा मनापासून राग येई. एकतीस वर्षं तो नगर परिषदेच्या आरोग्य विभागात हेच एक काम करत आला होता. घाईघाईनं टाकलेल्या औषधानं उंदीर मरत नाही, शहाणा होतो, असं त्याचं ठाम मत होतं. अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या घासाला तोंड लावत नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही लावत नाहीत.

म्हणून त्याची पद्धत ठरलेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी दिसतील तेवढी बिळं ओल्या मातीनं बुजवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून पाहायचं. जे बीळ आतून उकरून उघडलं ते जितं, त्याच्याशेजारी खडूनं गोल काढायचा. जे बुजलेलंच राहिलं ते मेलेलं, त्याच्याकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही. मग गोल काढलेल्या ठिकाणी दोन दिवस नुसता साधा घास ठेवायचा. ज्वारीचा भरडा, थोडं तेल, थोडा गूळ, विषाचा कणही नाही. उकंडा याला भरोशाचा घास म्हणे. चौथ्या दिवशी त्याच घासात विषाची काळी पूड. पाचव्या दिवशी मेलेले उंदीर पुरायचे, सगळी बिळं पुन्हा बुजवायची आणि त्यानंतरही जे उघडेल त्यात धुराची गोळी टाकायची.

त्या सोमवारी धान्य बाजारामागच्या वस्तीत त्यानं नवी मोहीम सुरू केली. सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, येऊन पडले होते, कापूस यायला लागला होता, आणि वस्तीत तापाचे पेशंट निघाल्यामुळे वरून फोन आले होते. सोबत हातगाडी ओढायला धावजी होता. धावजी ठेक्यावरचा माणूस, तांड्यावरून रोज सायकलनं येई, आणि तोंड बंद ठेवणं त्याला कधी जमलं नाही.

"उकंडाभाऊ, सही बरोबर कराजा," तो म्हणाला.

सही म्हणजे उकंडाचा हात. ऐन विशीत कापसाच्या जिनिंगमध्ये काम करताना त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची तर्जनी गेली होती. त्यामुळे बिळावर मातीचा गोळा दाबला की त्यावर तीनच बोटांचे खळगे उमटत. साऱ्या गावात बुजवलेलं बीळ दिसलं की कुणी बुजवलं हे विचारावं लागत नसे.

"दोन वर्षांनी रिटायर झाल्यावर ही सही कोण करन?" धावजीनं विचारलं.

"तू एक बोट तोडून घे," उकंडा म्हणाला आणि दोघंही हसले.

दिवस मावळायच्या आत तो घरी आला, कारण घरात नऊ दिवसांची नात होती. उकंडाची लेक दीपा बाळंतपणाला आली होती. तिचं हे तिसरं. पहिलं सातव्या महिन्यात गेलं, दुसरं जन्मून चौथ्या दिवशी. या वेळी मात्र पोरगी धडधाकट, आवाज तर असा की विहारापर्यंत जावा. येत्या रविवारी विहारात नाव ठेवायचं ठरलं होतं. तोवर सगळे तिला नुसतंच बाई म्हणत. उकंडा हातपाय दोनदा धुऊन मगच तिच्याजवळ बसे, आणि बसला तरी हात लावायला घाबरे. एवढा जीव लावायची भीती वाटते, असं त्यानं बायकोला, इंदूबाईला, एकदा सरळ बोलूनही दाखवलं होतं.

इंदूबाईच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. "तुमच्या आईनं केलं ते आपण बी करून घेऊ," ती त्या संध्याकाळी हळूच म्हणाली.

उकंडाच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून परसातल्या उकंड्यावर, शेणाकचऱ्याच्या ढिगावर ठेवलं. टाकून दिलेल्या जिवाकडे कुणाचं लक्ष जात नाही, हा त्यामागचा हिशेब. शेजारणीनं उचलून आणलं, आईनं सूपभर ज्वारी देऊन विकत घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. आई मरेपर्यंत ती गोष्ट सांगायची. शेवटी हमखास म्हणायची, तुला उचललं तेव्हा तुझ्या ओठाला गूळ लागलेला होता रे, कोणाची तरी दया झाली.

"ते दिवस गेले," उकंडा म्हणाला. "पोरगी दवाखान्यात झाली, टोचून आणली, वजन बरोबर हाय. नाही ते डोक्यात घेऊ नको."

इंदूबाई गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे त्याला पस्तीस वर्षांत कळलेलं होतं.

२

मंगळवारी सकाळी मोरी तुंबली. बाईची अंघोळ झाली आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी परत फिरून स्वयंपाकाच्या ओट्याखाली आलं. इंदूबाईनं बाहेर जाऊन काठीनं मोरीचं तोंड मोकळं केलं आणि हातात मातीचा एक गोळा घेऊन आत आली.

"घरची मोरी कायले बुजवली तुम्ही? बाळंतिणीच्या घरात पाणी कोंडून ठेवता का?"

"म्या नाही बुजवली."

"मंग हे बोटं कोणाचे हायत?"

गोळ्यावर तीन खळगे होते. उकंडानं गोळा हातात घेतला, स्वतःची बोटं त्यात ठेवून पाहिली. बरोबर बसली. माती मात्र त्याची नव्हती. तो काळी माती वापरी, शेतातली, त्यात थोडा भुसा. ही पांढरी होती, जुनी घरं पडून झालेल्या जागेवरची, हाताला पिठासारखी लागणारी.

त्यांची घरं विहाराच्या मागे, गल्लीच्या अगदी टोकाला. तीनच घरं. एक उकंडाचं, एक रुखमाबाईचं, आणि एक मास्तरांचं, जे दिवाळीपासून कुलूप लावून यवतमाळला लेकाकडे गेले होते. रुखमाबाई एकटी राहणारी म्हातारी, तिची एक शेळी, आणि कानानं जरा कमी. तीही दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"उकंडा, माह्या मोरीत कोणते उंदीर दिसले बाप्पा तुले? सकाळपासून काडी घालून राह्यली मी."

उकंडा मास्तरांच्या घराकडे गेला. त्यांचीही मोरी बुजवलेली होती, पण उघडायला घरात कुणी नव्हतं. पांढरा गोळा तसाच घट्ट बसलेला, वर तीन खळगे. काल तो थकला होता हे खरं. दुपारी उन्हात डोकं दुखत होतं हेही खरं. पण कितीही थकला तरी माणूस आपल्या घरची मोरी बुजवून विसरतो का? की धावजीनं गंमत केली? धावजीची बोटं तर पाचच्या पाच शाबूत होती, पण एक दुमडून दाबलं की झालं.

धावजीला त्यानं वस्तीत गेल्यावर विचारलं. धावजीनं आईची शपथ घेतली, मग विचार करून सेवालाल महाराजांचीही घेतली.

"तुमचीच सवय असन भाऊ. हाताले सवय लागते. माहा बाप झोपेत बैल हाकलायचा."

हे उकंडाला बरं वाटलं. दिवसभर त्यानं हेच घोळवलं. बिळं पाहिली, उघडलेल्यांना गोल केले, पळसाच्या पानावर भरोशाचे घास ठेवले. कागदाला छपाईचा वास येतो आणि उंदीर बिचकतो, म्हणून तो पळसाचंच पान वापरी. ही युक्ती त्याची स्वतःची, कोणत्याही पुस्तकात नव्हती.

संध्याकाळी घरी आला, चप्पल काढायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. चौकटीच्या उजव्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर खडूचा गोल होता.

"दवाखान्याच्या ताईबाई आल्या होत्या का तापाचं विचारायले?" त्यानं आत येत विचारलं.

"कोणी नाही आलं," इंदूबाई म्हणाली. "पण रुखमाबाईनं बाळंतिणीसाठी लाडू ठेवला होता दारात. दीपानं खाल्ला बी."

"चांगला होता बाबा," दीपा म्हणाली. बाई तिच्या मांडीवर झोपली होती. "ज्वारीचा होता, गूळ घातलेला. थोडा तेलकट होता, पण गोड."

कोपऱ्यात पळसाचं पान पडलं होतं. उकंडानं ते उचललं आणि नाकाशी नेलं. तो वास त्याच्या स्वतःच्या बादलीचा होता.

३

बुधवारी तो ऑफिसात साधना मॅडमकडे गेला. मॅडम आरोग्य निरीक्षक, वयानं त्याच्या लेकीएवढ्या, पण त्याला कधी नावानं हाक मारत नसत.

"काका, ताप सर्व्हेची खूण वेगळी असते. बरोबरची खूण आणि तारीख," त्या म्हणाल्या. "गोल तर तुम्हीच काढता."

"दुसरं कोणी लावलं का तुम्ही या कामावर? आमच्या गल्लीत?"

"दुसरं कोण मिळतंय? तुम्ही एकटेच तर आहात." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरी लहान बाळ आहे, झोप होत नसेल. दोन दिवस सुट्टी घ्या."

झोप होत नव्हती हे खरंच होतं. त्या सकाळी तो पहाट फुटताच दारात पाट टाकून बसला होता. रस्त्यावर कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. चहा तिथंच घेतला. सहाला नळ आला म्हणून इंदूबाईनं हाक मारली, तो उठून आत गेला, हंडा नळाखाली सरकवला आणि परत आला. एवढ्यात पायरीवर पान होतं. पानावर लाडू. पायरीच्या धुळीत येणाऱ्या-जाणाऱ्या पावलांचा मागमूस नव्हता, आणि लाडू बादलीतून आत्ताच काढल्यासारखा ओलसर होता.

तो लाडू त्यानं फेकून द्यायला हवा होता. पण हातात घेऊन तो वास घेत राहिला. साधाच होता. भरोशाचा, दुसऱ्या दिवसाचा. यात काही नसतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तेवढ्यात दीपा मागून आली, आणि तिनं हसत त्याच्या हातातून घेऊन तोंडात टाकला. तो ओरडला नाही. ओरडून काय सांगणार होता?

"उद्याचा खाऊ नको," तो एवढंच म्हणाला.

"काहून?"

"मी सांगतो म्हणून."

"बाबा, तुम्ही कालपासून घरात नुसते येरझारा घालून राह्यले. बाई दचकते."

खरंच त्याला बसवत नव्हतं. खाली बसला की उठावंसं वाटे, उठला की मोरीपाशी जाऊन पाहावंसं वाटे. रुखमाबाईकडे जाऊन त्यानं विचारलं. लाडू तिनं ठेवला नव्हताच. उलट तिला वाटत होतं इंदूबाई पाठवते. दात नसल्यामुळे तिनं दोन्ही दिवस आपल्या वाट्याचा शेळीला घातला होता. तिच्याही चौकटीवर गोल होता. मास्तरांच्या दाराला मात्र काहीच नव्हतं. ना गोल, ना पान. त्यांची मोरी अजून बुजलेली होती.

उकंडा गल्लीच्या मधोमध उभा राहिला. एकतीस वर्षं जे काम त्यानं केलं, ते त्याला आज पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं दिसलं. त्याला स्वतःच्या डोक्याची शंका आली, आणि खरं सांगायचं तर डोकंच बिघडलेलं निघावं अशी त्यानं मनोमन इच्छाही केली.

४

गुरुवारचा लाडू जरा काळपट होता. उकंडानं तो पायरीवरून उचलतानाच त्याला लसणासारखा वास आला. काळ्या पुडीला तसाच वास येतो. गुळानं तो झाकला जातो, पण ज्याचं नाक एकतीस वर्षं त्यात गेलंय त्याच्यापासून लपत नाही. त्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तो उचलला आणि परसात खोल खड्डा खणून पुरला. वर दगड ठेवला. मग धावत रुखमाबाईकडे गेला.

उशीर झाला होता. शेळी मोरीच्या पाण्यापाशी आडवी पडली होती, मान पाण्याकडे ताणलेली. ती पूड खाल्लेले उंदीर असेच पाण्याकडे जातात. रुखमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

घरी त्यानं सगळं सांगून टाकलं. बुजवणं, गोल, दोन घास, तिसरा. सांगताना त्याचाच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता, पण शेळी तर मेली होती. दीपानं बाईला छातीशी घट्ट धरलं. इंदूबाई एवढंच म्हणाली, "नाही खाल्लं पोरीनं. निभावलं म्हणायचं."

"नाही निभावलं," उकंडा म्हणाला.

कारण तो दिवस पाचवा नव्हता. पाचव्या दिवशी काय करतात हे त्याला माहीत होतं. जे खात नाही ते बीळ शहाणं. ते पुन्हा बुजवायचं. बुजवल्यावर फिरून पाहायचं, आणि जे उघडलं असेल त्यात गोळी. ती टाकली की आतलं काही बाहेर येत नाही, हेही त्याला माहीत होतं.

"उद्या सकाळच्या जीपनं आपण नेरला जाऊ, माह्या बहिणीकडे. आठ दिवस राहू. सामान बांधा."

"बारा दिवसांचं लेकरू घेऊन जीपमध्ये?" इंदूबाई म्हणाली. "अन् त्याले नेर सापडत नाही का?"

तिनं बाईचं दुपटं सारखं केलं.

"तुमच्या आईनं केलं ते मुकाट्यानं करू द्या मले. अठ्ठावन वर्षं झाली, तुम्हाले काही झालं का? तीन गेले तुमच्या घरातले, तुम्ही राह्यले."

"इंदू, मी नाही म्हटलं नं."

दीपा मधेच बोलली. तिचा आवाज बारीक होता. "बाबा, मले काही समजत नाही. फक्त ही जायले नको. आता हिच्यामागं काही राह्यलं नाही माह्यात."

उकंडानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

५

शुक्रवारी आठ वाजता तो स्टँडवर जीप ठरवायला गेला. सीट मिळाल्या, पण मागच्या. बाळंतीण आहे म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालून पुढच्या घेतल्या. ऊन चांगलं वर आलं होतं, चहाच्या टपरीवर लोक कापसाच्या भावाबद्दल भांडत होते. तेवढ्या गडबडीत उकंडाला वाटलं, आपण मूर्ख आहोत. जाऊन यावं, बहिणीच्या हातचं खावं, आणि परत आल्यावर धावजीला हे सगळं रंगवून सांगावं. वीस मिनिटांत तो गल्लीत परतला.

घराचं दार लावलेलं होतं. दोन्ही फळ्यांच्या मधली फट वरपासून खालपर्यंत पांढऱ्या मातीनं भरलेली. उंबऱ्यापाशी माती, चौकटीच्या कडेनं माती, खिडकीच्या फटीत माती. ओली. तीन खळगे, त्याखाली तीन खळगे, त्याखाली तीन. रुखमाबाईच्या दाराचंही तेच. ती बहुधा आत आपल्या कामात असावी, तिला पत्ताही नसावा.

"दीपा!"

"बाबा, दार बाहेरून लागलं! ढकलून राह्यलो आम्ही, उघडत नाही. परसातलं बी नाही उघडत."

त्यानं फटीतल्या मातीत बोटं घातली. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी बादलीची कडी वाजली.

कडी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मधे चप्पल घासल्याचा आवाज, डावी टाच ओढत चालणाऱ्या माणसाचा. उकंडा डावी टाच ओढत चालतो. मागे वळून पाहायची त्याला हिंमत झाली नाही. पण काय चाललंय हे त्याला न पाहताही कळत होतं. हा फिरून पाहण्याचा फेरा होता. जे उघडं दिसेल त्यात गोळी. जे बुजलेलं दिसेल ते मेलेलं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

त्यानं बोटं बाहेर काढली आणि माती परत दाबली.

"दीपा, हलू नको. इंदू, कोणी दाराले हात लावू नका. आवाज करू नका."

"बाबा, श्वास घ्यायले—"

आतून फळीवर नखं घासली. फटीतली माती एका जागी फुगली, तडकली, आणि तिच्यातून दीपाच्या बोटाचं टोक बाहेर आलं. उकंडानं ते बोट आत ढकललं. आपल्या लेकीचं बोट. त्यावर माती दाबली, आणि पुन्हा दाबली, तीन बोटांनी, हाताच्या सवयीनं. रडत होता तो, पण हात अगदी नीट चालत होता.

कडीचा आवाज त्याच्या मागे आला आणि बादली खाली ठेवली गेली. लसणाचा वास आला. उकंडा दाराला गाल लावून उभा होता. त्याच्या गालाशेजारून एक हात पुढे आला आणि फटीतली माती चाचपू लागला. मनगटापर्यंत पांढरा, ओला. अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं. हातानं माती वरपासून खालपर्यंत चाचपली. एका ठिकाणी, दीपाचं बोट आलं होतं तिथं, जरा थांबला, आणि मायेनं दाबून पुढे गेला. उकंडाला त्या हातानं बाजूला केलं नाही. तो तिथं नसल्यासारखाच त्याच्यावरून फिरला.

कडी वाजली. टाच ओढत पावलं निघाली.

"गेला," उकंडा दारात पुटपुटला. "अजून थोडं थांबा. बाईले रडू देऊ नको दीपा. तिले छातीशी धर."

"बाबा," दीपा म्हणाली, "बाई इथं नाही."

"काय?"

"आईनं तिले मागं ठेवलं. सुपात घालून. उकंड्यावर. रुखमाबाई उचलून आणणार होती अन् आई ज्वारी घ्यायले आत आली, तेवढ्यात—"

इंदूबाईनं आत मोठ्यानं रडायला सुरुवात केली. पावलं आता घराच्या बाजूच्या बोळात वळली होती, परसाकडे. उकंडाला पळायचं होतं. पण त्याचे पाय हलले नाहीत, ही गोष्ट तो पुढे कधीच स्वतःला माफ करू शकला नाही. परसातून बाईचं रडणं ऐकू येत होतं, खणखणीत, तिच्या नेहमीच्या आवाजात. मग बादली खाली ठेवल्याची कडी वाजली.

आणि बाई गप्प झाली.

६

कडी पुन्हा वाजली ती लांब, विहाराच्या पलीकडे. तेव्हा कुठं उकंडाच्या पायांत जीव आला. बोळातून तो परसात धावला.

शेणाच्या ढिगावर सूप होतं. सुपात दुपट्यात गुंडाळलेली बाई. डोळे उघडे, ऊन लागतंय म्हणून बारीक केलेले. जिती होती. एक हात दुपट्यातून सुटून हवेत हलत होता आणि त्याची पाची बोटं जागच्या जागी होती. उकंडानं ती एकदा मोजली, मग परत मोजली.

त्यानं परसातलं दार लाथा घालून उघडलं. माती ढेकळांनी पडली. दीपा धावत आली आणि सुपासकट लेकीला उचलून मटकन खाली बसली. हसावं का रडावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती. रुखमाबाईही आपल्या मागच्या दारानं, डोक्यावर पदर घेत आली. आपलं दार कुणी लिंपलं याची तक्रार करावी की लेकराला उचलायला उशीर झाला म्हणून माफी मागावी, हे तिचं ठरत नव्हतं. इंदूबाईनं सूपभर ज्वारी तिच्या ओटीत ओतली. घाईत निम्मी खाली सांडली.

"घेतली माही पोरगी विकत," ती म्हणाली. "गेलं सगळं. आता काही भेव नाही."

उकंडानं परसात इकडेतिकडे पाहिलं. मातीची ढेकळं. ज्वारीचे दाणे. आणि ढिगावर, सूप होतं त्याच्या अगदी शेजारी, पळसाचं पान. हिरवं, आत्ताच तोडलेलं. पानावर काही नव्हतं. फक्त मधोमध तेलाचा एक ओला डाग होता.

"हे पाहा," दीपा म्हणाली. ती हसत होती. "आई, पाहा नं, हिच्या ओठाले काय लागलं."

इंदूबाई वाकली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेड आला.

"गूळ हाय. बाप्पा, गूळ हाय तो. तुमची आई सांगे नं? तुमच्याबी ओठाले अस्साच होता." ती उकंडाकडे वळली. "दया झाली हो. तुमच्यासारखीच जगन ही. तुमच्यासारखीच."

उकंडा पुढे गेला. बाईच्या खालच्या ओठावर भरड्याचा एक कण होता, गुळात भिजलेला. त्यानं वाकून वास घेतला. लसूण नव्हता. साधाच होता. पहिल्या दिवसाचा.

उंदराला भरोशाचे दोन दिवस पुरतात. माणसाला किती लागतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत त्यानं गोड म्हणून काय काय खाल्लं होतं, ते त्याला आठवेना.

"पुसून टाक," तो दीपाला म्हणाला, आणि तिनं पुसायच्या आत स्वतःच हात पुढे केला. बोटांना पांढरी माती लागलेली होती. दारावरची असेल. त्यानं ती धोतराला पुसली आणि मधल्या बोटानं तो कण ओठावरून काढायला गेला.

बाईनं त्याच्याआधीच जीभ बाहेर काढून कण आत ओढला, चाखला, आणि त्याच्या बोटाकडे तोंड वळवून पुन्हा उघडलं.